विज्ञान-तंत्रज्ञानातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाची निवड

१. संज्ञा

निवडीचा विचार करण्यापूर्वी निवडायच्या वस्तूची व्याख्या झाली पाहिजे. पदव्युत्तर शिक्षणासंबंधी बोलताना चार संज्ञा सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात आणि आरंभीच घोटाळा होतो. या विवेचनापुरते त्यांचे अर्थ असे. ‘शाखा’ म्हणजे ज्ञानाचे क्षेत्र: भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी. ‘संस्था’ म्हणजे पदवी देण्याचा अधिकार असलेले विद्यापीठ अथवा त्या दर्जाचे विद्यालय. ‘विभाग’ म्हणजे एका शाखेचे अध्यापक, प्रयोगशाळा, उपकरणे आणि तेथील कामाच्या प्रथा यांचा समुच्चय. ‘अभ्यासक्रम’ म्हणजे एका विभागाने ठरावीक सत्रांत व ठरावीक श्रेयांकांत चालवलेली, पदवीने पूर्ण होणारी शिक्षणयोजना.

विद्यार्थ्याचा प्रवेश होतो तो अभ्यासक्रमाला. शाखा हे अभ्यासक्रमाचे एक लक्षण, संस्था हे दुसरे. लक्षणावरून वस्तूचे अनुमान करता येते. परंतु अनुमान चुकू शकते. ‘आयआयटी मिळाली’ आणि ‘ऑरगॅनिक मिळाले’ या दोन्ही वाक्यांत एकेका लक्षणाचा उल्लेख आहे, अभ्यासक्रमाचा एकातही नाही.

‘निवड’ या संज्ञेलाही मर्यादा घातली पाहिजे. निवडीसाठी किमान दोन पर्याय हवेत आणि त्या दोहोंचे ज्ञान हवे. गुणवत्ता यादीत नाव लागले आणि जी जागा आली ती घेतली, तर तिला प्राप्ती म्हणावे. निवड म्हणावी असा व्यापार घडायचा असेल तर तो प्रवेशपरीक्षेचा निकाल लागण्यापूर्वी, किंबहुना अर्ज भरण्यापूर्वी घडावा लागतो. पुढील विवेचन त्या पूर्वकाळाविषयी आहे.

२. अभ्यासक्रमांचे प्रकार

भारतात विज्ञान-तंत्रज्ञानातील पदव्युत्तर पदवीच्या दोन परंपरा आहेत. एम.एस्सी. ही विज्ञानाच्या पदवीनंतरची, एम.ई. अथवा एम.टेक. ही अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवीनंतरची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचा जो श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला त्यात तीन वर्षांच्या पदवीनंतरची दोन वर्षांची एम.एस्सी. साडेसहाव्या स्तरावर आणि एम.टेक. सातव्या स्तरावर आहे. म्हणून एम.एस्सी.नंतर एम.टेक. हा मार्ग तर्कसंगत ठरतो. भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.नंतर मटेरियल्स अभियांत्रिकीत किंवा गणिताच्या एम.एस्सी.नंतर संगणकशास्त्रात एम.टेक. करणारे विद्यार्थी आढळतात ते यामुळेच. उलट दिशेचा प्रवास क्वचित होतो.

परंतु पदवीच्या नावावरून केलेला हा भेद बाह्य आहे. अंतर्गत रचनेवरून तीन प्रकार संभवतात. पहिला अध्यापनप्रधान: श्रेयांकांचा मोठा भाग व्याख्याने व प्रात्यक्षिके यांना असतो, प्रकल्प नाममात्र असतो. दुसरा संशोधनप्रधान: विषय थोडे, प्रबंध मोठा. आयआयटी मद्रासची एम.एस., बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनपर एम.टेक. आणि पदवीपासून थेट पीएच.डी.पर्यंत नेणारे एकात्मिक अभ्यासक्रम या वर्गात येतात. तिसरा उपयोजनप्रधान: शेवटची एक अथवा दोन सत्रे उद्योगात जातात. एकाच नावाच्या एम.टेक.खाली तिन्ही प्रकार सापडतात. प्रकार ओळखण्याचे साधन एकच, आणि ते माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानांवर नसते: शेवटच्या दोन सत्रांतील श्रेयांकांचे वाटप.

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर स्तरावर राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली आणि एक वर्ष पूर्ण करून पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय झाली. आयोगाच्या २०२४ च्या आराखड्याने दुसऱ्या वर्षाला तीन रूपे दिली: दोन्ही सत्रांत केवळ विषय, तिसऱ्या सत्रात विषय आणि चौथ्यात संशोधन, दोन्ही सत्रांत केवळ संशोधन. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाची पदव्युत्तर पदवीही याच आराखड्यात आहे. म्हणजे वर सांगितलेले प्रकार आता एकाच अभ्यासक्रमाच्या पोटात येऊ शकतात. यातले कोणते रूप विभाग प्रत्यक्षात देतो, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. कागदावर तिन्ही रूपे असतात. अध्यापकांची संख्या पाहिली की कोणते शक्य आहे ते कळते.

३. भेदाचे स्थान

दोन अभ्यासक्रमांत खरा भेद कोठे असतो? प्रथम वर्ष आणि द्वितीय वर्ष असे भाग करून पाहू.

भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.चे पहिले वर्ष घ्यावे. गणितीय पद्धती, अभिजात यामिकी, पुंजयामिकी, विद्युतगतिकी, सांख्यिकीय यामिकी, इलेक्ट्रॉनिक्स. ही यादी जळगावला, कोल्हापूरला, नागपूरला आणि मुंबईला जवळजवळ सारखी आहे. पुस्तकेही तीच: यामिकीला गोल्डस्टाइन, विद्युतगतिकीला ग्रिफिथ्स व जॅक्सन. हा योगायोग नव्हे. नेट परीक्षेचा पाठ्यक्रम देशभर एक असल्याने प्रत्येक विद्यापीठाला त्याला धरून राहावे लागते. शिकवण्याच्या गुणवत्तेत तफावत असते, आणि ती मोठी असते, हे खरे. परंतु तिची काही अंशी भरपाई होऊ शकते. पुस्तक विकत मिळते. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी चालवलेल्या एनपीटीईएलवर व्याख्याने विनामूल्य आहेत. दोन मित्र मिळून प्रश्न सोडवू शकतात.

येथून एक नियम मिळतो. ज्या उणिवेची भरपाई विद्यार्थ्याच्या स्वतःच्या परिश्रमाने होऊ शकते ती निवडीत गौण; जिची होऊ शकत नाही ती प्रधान. उपकरण स्वप्रयत्नाने उभे राहत नाही. मार्गदर्शक पुस्तकातून मिळत नाही. न चालवलेला वैकल्पिक विषय घरी बसून प्रमाणपत्रावर येत नाही. या तिन्ही गोष्टींचे स्थान दुसरे वर्ष आहे. म्हणून पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडणे म्हणजे त्याचे दुसरे वर्ष निवडणे होय. एम.टेक.ला हा सिद्धान्त अधिकच लागू पडतो, कारण तेथे दुसरे वर्ष बहुधा प्रबंधालाच दिलेले असते.

दुसऱ्या वर्षाचे चार घटक क्रमाने तपासावेत.

पहिला घटक वैकल्पिक विषय. पाठ्यक्रमात छापलेले आणि प्रत्यक्ष चालणारे असे त्यांचे दोन वर्ग करावेत. छापलेल्या यादीत दहा विषय असतील. शिकवणारा अध्यापक निवृत्त झाला, जागा भरली नाही, किमान विद्यार्थीसंख्या जमली नाही, अशा कारणांनी दोन किंवा तीनच उरतात. मागील दोन वर्षांचे तिसऱ्या-चौथ्या सत्राचे वेळापत्रक किंवा परीक्षेचे वेळापत्रक पाहिले की खरी यादी हाती येते. परीक्षेचे वेळापत्रक अधिक विश्वसनीय, कारण न शिकवलेल्या विषयाची परीक्षा सहसा होत नाही. (सहसा म्हटले आहे, हे लक्षात घ्यावे.)

दुसरा घटक उपकरण. येथे प्रश्न विचारण्याची रीत बदलावी लागते. ‘तुमच्याकडे एनएमआर आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ हे उत्तर मिळते आणि त्यातून काहीच कळत नाही. उपकरण आणि विद्यार्थी यांचे चार संबंध संभवतात: उपकरण भिंतीपलीकडून दिसते; विद्यार्थी नमुना देतो आणि आलेख घेतो; तंत्रज्ञ चालवतो, विद्यार्थी शेजारी उभा असतो; विद्यार्थी स्वतः चालवतो. शिक्षण म्हणावे असे मुख्यतः चौथ्या संबंधात घडते, तिसऱ्यात थोडे घडते. कोणता संबंध आहे हे ठरवणारा पुरावा उपकरणाच्या बाजूलाच असतो. बहुतेक विभागांत प्रत्येक मोठ्या यंत्राजवळ एक नोंदवही दोरीने बांधून ठेवलेली असते: दिनांक, वेळ, नमुन्याचा क्रमांक, वापरणाऱ्याचे नाव, मार्गदर्शकाचे नाव, शेरा. तिची मागची पाने चाळावीत. वापरणाऱ्यांच्या रकान्यात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांची नावे आहेत की फक्त पीएच.डी.च्या? शेऱ्याच्या रकान्यात ‘बंद’, ‘दुरुस्तीस’, ‘व्हॅक्यूम येत नाही’ असे किती महिने लिहिले आहे? संध्याकाळी सहानंतरच्या नोंदी आहेत का? माहितीपुस्तिकेतील छायाचित्रापेक्षा या वहीतील एक पान अधिक सांगते. संगणकीय शाखांत तपासणी याच तत्त्वाची, पदार्थ वेगळा. व्हीएलएसआय शिकवणाऱ्या विभागात आराखड्याच्या सॉफ्टवेअरची लायसन्स किती, वर्गात विद्यार्थी किती, आणि प्रयोगशाळेला रात्री कुलूप लागते का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

तिसरा घटक पूर्वीच्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध. ते विभागाच्या ग्रंथालयात, बहुधा शेवटच्या कपाटात, एकाच रंगाच्या बांधणीत असतात. मागील तीन वर्षांचे काढून प्रत्येकाचे तीन भाग वाचावेत: पद्धतीचे प्रकरण, निष्कर्षांतील तक्ते आणि ऋणनिर्देश. पद्धतीच्या प्रकरणात विद्यार्थ्याने स्वतः काय केले याचे वर्णन असते किंवा नसते. तक्त्यांतील मोजमापांच्या तारखा कधीकधी प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यातल्या असतात. ऋणनिर्देशात कोणत्या बाहेरच्या प्रयोगशाळेचे आभार मानले आहेत यावरून विभागाचे बाह्य संबंध कळतात. तीन वर्षे तीच तीन शीर्षके एखादे संयुग किंवा एखादी विदा बदलून आली असतील तर तो संशोधनाचा सलग कार्यक्रम असू शकतो किंवा साचा असू शकतो; भेद पद्धतीच्या प्रकरणात दिसतो.

या बाह्य संबंधांत स्थानाचा प्रश्न येतो. काही विभागांना परिसराचा लाभ असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातच आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहेत. त्या केंद्राची खोडद येथील जीएमआरटी ही तीस अँटेनांची दुर्बीण देशातील रेडिओ खगोलशास्त्राचे मुख्य साधन आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था एकमेकींच्या जवळ आहेत. गोवा विद्यापीठाला दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प अशा ठिकाणी करण्याची मुभा विभाग देतो का, दिल्यास किती विद्यार्थ्यांना आणि कोणत्या निकषावर, हे विचारावे. जवळ असणे ही केवळ शक्यता आहे. मुभा असेल तरच तिचे रूपांतर लाभात होते.

चौथा घटक मार्गदर्शकाची नेमणूक. तिच्या तीन पद्धती आहेत: विद्यार्थ्याच्या पसंतीने, गुणानुक्रमे वाटपाने, आणि यादीतील क्रमांकाने. पहिलीत विद्यार्थ्याला स्वातंत्र्य, दुसरीत पहिल्या वर्षाच्या गुणांना मोल, तिसरीत दैव. विभाग कोणता हे ठरल्यावरही तिसरी पद्धत असेल तर दुसऱ्या वर्षाची निवड झालेली नाही असेच समजावे.

४. प्रयोजने

वरील घटकांना किती भार द्यावा हे प्रयोजनावर अवलंबून आहे. प्रयोजने पाच.

(१) संशोधन. पुढे पीएच.डी. करावयाची असल्यास दुसऱ्या व तिसऱ्या घटकास सर्वाधिक भार. (२) अध्यापन. महाविद्यालयातील विज्ञानाच्या सहायक प्राध्यापकपदासाठी ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेते. अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.ई. अथवा एम.टेक. लागते. येथे पहिल्या वर्षाच्या अध्यापनाला अपवादाने अधिक भार द्यावा. (३) उद्योग. (४) शाखांतर, म्हणजे पदवीची शाखा बदलणे. यात पहिल्या वर्षाची उणीव स्वप्रयत्नाने भरून काढावी लागते, म्हणून वर सांगितलेला नियम येथे सर्वांत कठोरपणे लागू होतो. (५) कालक्षेप. एमपीएससीची तयारी, नोकरीची प्रतीक्षा, वसतिगृहाची खोली. हे प्रयोजन विवेचनात घेण्याचा संकोच असतो. तो अनाठायी आहे. पुष्कळ प्रवेश याच कारणाने होतात आणि कारण मान्य केले तर त्यासाठी योग्य अभ्यासक्रमही निवडता येतो: हजेरीचा आणि प्रयोगशाळेचा भार कमी असलेला. जो असे मान्य करीत नाही तो संशोधनप्रधान अभ्यासक्रमात जागा अडवतो आणि तिसऱ्या सत्रात स्वतः अडकतो.

तिसऱ्या प्रयोजनाचे पोटविभाग करणे आवश्यक आहे, कारण येथे एक सामान्य गैरसमज आहे. एनटीपीसीसारखे सार्वजनिक उपक्रम अभियंत्यांची भरती करताना गेटचे गुण वापरतात, परंतु त्यासाठी पात्रता बी.ई.ची असते. अशा नोकरीसाठी गेट लागते, एम.टेक. लागत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या १९५७ पासूनच्या प्रशिक्षण विद्यालयाची रीतही बरीचशी अशीच: अभियांत्रिकीचा पदवीधर किंवा विज्ञानातील पदव्युत्तर विद्यार्थी थेट येतो, आणि येथे गेटला स्वतंत्र परीक्षेचा पर्यायही आहे. म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे प्रयोजन अशी नोकरी असेल तर त्याच्यापुरता एम.टेक.चा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरता एम.एस्सी.चा उद्भवतो. परीक्षा एक असल्यामुळे दोन प्रयोजने एक भासतात.

५. एक उदाहरण

तालुक्याच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला एक विद्यार्थी घेऊ. त्याच्यापुढे तीन अभ्यासक्रम आहेत: आपल्याच जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयातील सेंद्रिय रसायनशास्त्राची एम.एस्सी., विद्यापीठाच्या विभागातील तीच पदवी, आणि जॅम या प्रवेशपरीक्षेद्वारे एखाद्या आयआयटीतील रसायनशास्त्राची एम.एस्सी. प्रचलित उतरंडीत तिसरा श्रेष्ठ, दुसरा मध्यम, पहिला कनिष्ठ. प्रयोजन घालून पाहिले की उतरंड हलते.

प्रयोजन कुरकुंभ, लोटे किंवा तारापूरच्या कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण अथवा प्रक्रिया विकास हे असेल, तर जाहिरातीत बहुधा ‘एम.एस्सी. ऑरगॅनिक’ मागितलेले असते. आयआयटीची पदवी रसायनशास्त्राची असते. हा भेद मुलाखतीत निस्तरता येतो, पण मुलाखतीपर्यंत पोचावे लागते. संलग्न महाविद्यालयाजवळ औद्योगिक वसाहत असेल, तेथील एचपीएलसी विद्यार्थी स्वतः चालवत असेल आणि दर वर्षी काही विद्यार्थी प्रकल्पासाठी कारखान्यात जात असतील, तर या एका प्रयोजनापुरता पहिला पर्याय तिसऱ्याच्या बरोबरीला येतो. खर्च धरल्यास पुढेही जातो.

प्रयोजन पीएच.डी. असेल तर पहिला पर्याय गळतो. स्पर्धा दुसऱ्या व तिसऱ्यात राहते आणि तेथे निर्णय नावाने करू नये. विद्यापीठाच्या विभागात एखादा कार्यरत संशोधनगट असेल, चौथे सत्र संपूर्ण प्रयोगशाळेत जात असेल आणि लघुप्रबंधातून शोधनिबंध निघत असतील, तर दोन्ही पर्याय तुल्य मानून पुढील निकषांकडे जावे. असे विभाग थोडे आहेत, पण आहेत. नसल्यास तिसरा पर्याय श्रेष्ठ, आणि त्याचे कारण संस्थेच्या नावात नसून दुसऱ्या वर्षात आहे.

प्रयोजन अध्यापन असेल तर या विद्यार्थ्याने दुसऱ्या पर्यायात बाकी सर्व बाबींपूर्वी एक गोष्ट विचारावी: मागील वर्गातील किती जणांनी पदवीच्या काळात किंवा लगेच पुढच्या वर्षी नेट अथवा सेट उत्तीर्ण केली. वरिष्ठ विद्यार्थ्यांना हा आकडा नेमका ठाऊक असतो.

६. द्वारे आणि त्यांचा काळ

प्रवेशाची द्वारे येथे थोडक्यात सांगतो. नियम दर वर्षी बदलतात आणि ते मूळ परिपत्रकातच वाचावेत. अभियांत्रिकीसाठी गेट, विज्ञानासाठी जॅम, दोन्ही फेब्रुवारीत. जॅमचे विषय सात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणितीय संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची परीक्षा स्वतंत्र. राज्यातील एम.ई. व एम.टेक.चे प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅप फेऱ्यांतून, आणि विद्यापीठांच्या विभागांच्या प्रवेशपद्धती आपापल्या.

विवेचनाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, गुणांची मुदत. गेटचे गुण तीन वर्षे चालतात, जॅमचे एकच वर्ष. त्यामुळे अभियंता एक वर्ष नोकरी करून विचार करू शकतो. विज्ञानाच्या पदवीधराला ही सवड नाही, त्याने निकालापूर्वीच विचार संपवलेला असावा लागतो. अर्ज शरद ऋतूत भरले जातात, म्हणजे पदवीच्या अंतिम वर्षाचा श्रावण-भाद्रपद हा निवडीचा खरा काळ. दुसरी, प्रस्ताव स्वीकारण्याची पद्धत. आयआयटीच्या एम.टेक.साठी सामाईक पोर्टलवर प्रत्येक फेरीत तीनच उत्तरे देता येतात: ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’, ‘रिटेन अँड वेट’, ‘रिजेक्ट अँड वेट’. उत्तरासाठी अवधी थोडा असतो. ज्याने पसंतीचा क्रम आधी लिहून ठेवला आहे त्याला तो पुरतो. ज्याने ठेवलेला नाही तो त्या अवधीत नातेवाइकांना फोन करतो.

७. व्यय

व्ययाचे तीन भाग: शुल्क, निर्वाह आणि गमावलेले उत्पन्न. पहिले दोन सर्वजण मोजतात. तिसरा भाग नोकरी सोडून येणाऱ्या अभियंत्याच्या बाबतीत सर्वांत मोठा असतो आणि नेमका तोच हिशेबात धरला जात नाही.

उत्पन्नाची बाजूही आहे. गेट उत्तीर्ण होऊन नियमित जागेवर प्रवेश घेतलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत आले आहे. चोवीस महिन्यांचे २,९७,६०० रुपये होतात. प्रायोजित किंवा स्वयंअर्थसाहाय्यित जागेवर ते नाही. एम.एस्सी.ला असे सार्वत्रिक विद्यावेतनच नाही. परिणामी, ज्याची वृत्ती विज्ञानाची आहे असा विद्यार्थीही कधीकधी एम.टेक.कडे वळतो. आर्थिक निकड असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र ते कारण म्हणून नोंदवावे, आवड म्हणून नोंदवू नये.

शुल्कातील फरकाची तुलना पुढच्या टप्प्याशी करावी. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. कमकुवत विभागामुळे नेटला एक वर्ष अधिक लागले तर गमावलेली रक्कम, घरभाडे भत्ता न धरता, ४,४४,००० रुपये होते. संशोधन हे प्रयोजन असलेल्याने दोन विद्यापीठांच्या शुल्कातील फरक या आकड्यासमोर ठेवून पाहावा.

८. प्रमाणे

निवडीसाठी लोक ज्या प्रमाणांचा आधार घेतात त्यांची परीक्षा करणे उरले आहे.

क्रमवारी. २०१६ पासून प्रसिद्ध होणारी एनआयआरएफची क्रमवारी संस्थांची आहे. विद्यापीठे, महाविद्यालये, अभियांत्रिकी, औषधनिर्माण असे तिचे वर्ग आहेत. भौतिकशास्त्र विभागांची किंवा रसायनशास्त्र विभागांची क्रमवारी त्यात नाही. तेव्हा एम.एस्सी.च्या इच्छुकाच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात असू शकत नाही. नॅकचे मूल्यांकनही संस्थेचे. तंत्रशिक्षणात एनबीएचे मूल्यांकन मात्र अभ्यासक्रमनिहाय होते, म्हणून एम.टेक.साठी ते अधिक उपयुक्त, अर्थात ते बी.ई.ला मिळालेले नसून एम.टेक.लाच मिळालेले आहे याची खात्री करून.

प्लेसमेंटचे आकडे. त्यांत सरासरी आणि मध्यक यांचा भेद करावा. एकदोन मोठ्या वेतनांनी सरासरी वर जाते, मध्यक जात नाही. छेदाची चौकशी करावी: टक्केवारी वर्गातील एकूण विद्यार्थ्यांवर काढली आहे की प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेल्यांवर? आणि बी.टेक., एम.टेक. यांचे आकडे एकत्र दिले असतील तर ते एम.टेक.च्या इच्छुकाला निरुपयोगी समजावेत.

अभ्यासक्रमाचे नाव. अलीकडे विदाविज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा नावांचे अभ्यासक्रम वेगाने निघाले आहेत. नवेपणा हा दोष नाही. परंतु ज्या अभ्यासक्रमातून एकही तुकडी बाहेर पडलेली नाही त्याचे दुसरे वर्ष अजून अस्तित्वातच आलेले नसते, आणि जे अस्तित्वात नाही ते तपासता येत नाही. अशा वेळी अध्यापकांची यादी पाहावी: ते मूळचे कोणत्या विभागाचे, आणि पूर्वी काय शिकवीत होते.

परदेशांतील अभ्यासक्रमांनाही हीच कसोटी लावता येते. जर्मनीतील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी १२० युरोपीय श्रेयांकांची असते आणि शेवटचे सत्र, साधारण ३० श्रेयांक, प्रबंधाला जाते. अमेरिकेत प्रबंधासह आणि प्रबंधाविना असे दोन मार्ग पुष्कळदा एकाच विभागात असतात. ब्रिटनमधील पदवी बहुधा एका वर्षाची. तेथे दुसरे वर्षच नाही आणि प्रबंध उन्हाळ्याच्या काही महिन्यांत होतो. पुढे पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याने हा भेद शुल्काच्या आणि व्हिसाच्या विचारापूर्वी ध्यानात घ्यावा.

९. प्रवेशानंतरची दुरुस्ती

निवड चुकल्यास काय? प्रवेश झाल्यावर दोन मार्ग उघडे राहतात. पहिला, एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडणे. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. पण श्रेयांक जमा असणे आणि दुसऱ्या विभागात जागा मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. श्रेयांक विद्यार्थ्याचे, जागा विभागाची. म्हणून नव्या विभागाने लेखी संमती दिल्याखेरीज हा मार्ग धरू नये. दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य: त्याच विभागात राहून दुसऱ्या वर्षाचे रूप बदलणे, म्हणजे विषयांऐवजी संशोधन घेणे, किंवा प्रकल्प बाहेरच्या संस्थेत करणे. यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. विभागाने ते रूप प्रत्यक्षात चालवलेले असावे. विभागातील एका अध्यापकाने सहमार्गदर्शक होण्यास होकार द्यावा. आणि बाहेरच्या संस्थेची मुदत सांभाळली जावी. मोठ्या संशोधन संस्था प्रकल्प-विद्यार्थ्यांचे अर्ज पुष्कळदा सत्र सुरू होण्याच्या बऱ्याच आधी मागवतात, तर विभागातील मार्गदर्शकांचे वाटप तिसरे सत्र सुरू झाल्यावर होते. या दोन तारखांमधील अंतरामुळे मुभा असूनही ती वापरता येत नाही असे वारंवार घडते. त्यामुळे विद्यार्थ्याने पहिल्या सत्रातच विभागप्रमुखांकडून तत्त्वतः परवानगीचे पत्र घ्यावे, आणि त्यावर आवक-जावक क्रमांक घालून घ्यावा.